घरच्या लॅबची नोंद ४ : एकाला घेतं, दुसऱ्याला नाही

मागच्या नोंदीत सांगितलं होतं, राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंगच्या ऑफिसात माझं डोमेन, म्हणजे सगळ्या मशीनची लॉगिनं एकाच सर्व्हरवरून सांभाळायची सोय, चालू आहे. पगारी काम नाही, हौस. सर्व्हर म्हणजे जुना आय-थ्री डबा, आठ जीबी रॅम, डेबियन (लिनक्सचाच प्रकार) आणि त्यावर डोमेन चालवणारा सांबा. नाव सर्जा. पाच मशीनवर लिनक्स मिंट, लॉगिन प्रत्येक मशीनवरच्या एसएसएसडी या प्रोग्राममार्फत सर्जाकडे. दोन महिने सुरळीत गेले. मग कापसाचा सिझन लागला आणि काट्यावर नवीन पोरगा आला.

तीन नंबरच्या मशीनवर त्याचा पासवर्ड चालेना. त्याच मशीनवर मुनीमजी मात्र आरामात आत. एक नंबरवर पोरगाही आत. मी तीनदा पासवर्ड बदलून दिला. मुनीमजींचा निकाल तयारच होता, "पोराले लक्षात राह्यत नाई, दुसरं काई नाई." पोरगा रडकुंडीला, "दादा, मी बरोबरच टाकून राह्यलो."

माझा पहिला संशय नेहमीच्या चोरावर, डीएनएसवर, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर. राउटरनं मशीनला नेटवर्कची माहिती देताना बाहेरचा डीएनएस दिला की मशीनला डोमेन सापडत नाही, हे एकदा भोगून झालंय. पण डीएनएसचा पत्ता सर्जाचाच होता, पिंगही (सर्व्हर उत्तर देतो का, ही चाचणी) जात होतं. एक संध्याकाळ त्यातच गेली. दुसरी संध्याकाळ मशीन उघडून पंख्यातली रुई काढण्यात गेली. तिचा लॉगिनशी काही संबंध नव्हता, पण मूठभर निघाली. जिनिंगमध्ये मशीन ठेवणाऱ्यांनी महिन्यातून एकदा झाकण काढाच.

डोकं चाललं ते तिसऱ्या दिवशी, सकाळी. सर्जावर मी ऑथ ऑडिटचा लॉग चालू ठेवलाय, म्हणजे लॉगिनचा प्रयत्न आला, बरोबर असो की चुकीचा, की नोंद होते. पोराच्या नावावर तीन नंबरवरून एकही नोंद नाही. चुकीची नाही, बरोबरही नाही. म्हणजे त्याचा प्रयत्न सर्जापर्यंत पोचतच नव्हता. तीन नंबरवर आयडी कमांड मारली, तर असा युजरच नाही म्हणे. एसएसएस-सीटीएल या एसएसएसडीच्याच कमांडनं डोमेनची स्थिती विचारली : ऑफलाइन.

इथं मुनीमजींचं गुपित फुटलं. सर्व्हर भेटत नसला की एसएसएसडी मशीनवर साठवलेल्या जुन्या खुणेवरून लॉगिन देते, तशी सोय मीच चालू केली होती. मुनीमजी त्या मशीनवर आधी शंभरदा बसलेले. पोरगा तिथं कधीच आत गेला नव्हता, मग त्याची खूण येणार कुठून? मुनीमजींचंही शेअर केलेलं फोल्डर सकाळी उघडत नव्हतं, पण "दुपारी उघडते" म्हणून ते बोलले नव्हते.

पण नेटवर्क ठीक असताना ऑफलाइन का? जर्नल, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडलं. एसएसएसडीच्या एलडॅप-चाइल्ड या भागाची एकच ओळ पुन्हा पुन्हा : क्लॉक स्क्यू टू ग्रेट, घड्याळांत फार तफावत. कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं, दुपारचे साडेतीन. माझ्या मनगटावर सकाळचे दहा.

नवीन मंडळींसाठी थोडं. सांबाचं डोमेन काय किंवा विंडोज २००० पासूनचं मायक्रोसॉफ्टचं काय, ओळख पटवायचं काम कर्बेरॉस करतं. १९८० च्या दशकात एमआयटीत प्रोजेक्ट अथेना चालू होतं, त्यातून ते आलं. आज चालते ती पाचवी आवृत्ती, १९९३ ची. यात पासवर्ड तारेवरून जात नाही, वेळेचा शिक्का मारलेला सांकेतिक निरोप जातो. कालची काटापावती आज गेटवर चालत नाही ना, तसंच. कुणी निरोप चोरून नंतर वापरू नये म्हणून दोन्हीकडच्या घड्याळात साधारण पाच मिनिटांचीच सूट. इथं साडेपाच तास.

साडेपाच म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला, कारण हा आकडा भारतात योगायोगानं येत नाही. टॅलीसाठी या मशीनला मीच मागाहून दुसरी डिस्क लावून विंडोज टाकलं होतं. मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स ती युटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वर साडेपाच तास चढवतं. मुनीमजींना विचारलं तर ते सहज म्हणाले, "विंडोजमधलं घड्याळ रोज साडेपाच तास मागं पयते भाऊ, मी रोज सायंकाळी सरळ करून ठेवतो." म्हणजे दुपारी इंटरनेट आलं की लिनक्स आपली वेळ दुरुस्त करून मदरबोर्डवर युटीसी लिहायचं, संध्याकाळी मुनीमजी ती पुसायचे. सकाळी लाइट गेलेली, टॉवर बंद, इंटरनेट नाही, आणि लिनक्स साडेतीनवर. दुपारी सगळं आपोआप बरं, म्हणून पोरगाच खोटा ठरला.

इलाज दोन. विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंगच्या यादीत) टाइमझोन इन्फर्मेशनखाली रिअल-टाइम-इज-युनिव्हर्सल नावाची डीवर्ड (आकड्याची) नोंद करून किंमत १ दिली, म्हणजे विंडोजही मदरबोर्डवरची वेळ युटीसी मानतं. मशीन रिस्टार्ट केली. उलट लिनक्सला स्थानिक वेळ मानायला लावता येतं, पण टाइमडेट-सीटीएल ही लिनक्सची वेळ लावायची कमांड स्वतःच त्यावर इशारा देते, म्हणून तो रस्ता सोडला.

दुसरा इलाज आधीच करायला हवा होता. पाचही मशीनच्या टाइमसिंकमध्ये (घड्याळ जुळवायच्या सेटिंगमध्ये) बाहेरच्या सर्व्हरऐवजी सर्जाचा पत्ता टाकला. सर्जावर क्रोनी हा वेळ जुळवणारा आणि वाटणारा प्रोग्राम आहे. त्यात ऑफिसच्या नेटवर्कला अलाऊ केलं आणि लोकल स्ट्रॅटम १० ची ओळ घातली, म्हणजे इंटरनेट नसलं तरी तो वेळ वाटत राहील. सर्जा दोन मिनिटं पुढं गेला तरी पाचही मशीन त्याच्याबरोबर पुढं जातील, कर्बेरॉसची तक्रार नाही. काट्याच्या पावतीवर दोन मिनिटं पुढची वेळ छापली जाईल, तेवढं जिनिंगला चालतं.

पाच नंबरचं घड्याळ वेगळ्याच कारणानं मागं होतं : मदरबोर्डचं घड्याळ चालवणारा सेल (२०३२ नंबरचा) संपलेला. तालुक्याच्या घड्याळवाल्याकडून आणून बदलला.

शनिवारी सकाळी लाइट नसताना, इन्व्हर्टरवर, पोरगा तीन नंबरवर बसला. आत गेला, फोल्डर उघडलं. फक्त तीनदा बदललेल्या पासवर्डांपैकी शेवटचा कोणता, हे त्याला आठवत नव्हतं. चौथ्यांदा बदलून दिला. सर्जाचा स्वतःचा सेल २०१३ च्या मदरबोर्डातला मूळचाच आहे, तो पुढच्या रविवारी.