एक मिनिट न थांबल्यामुळे सतरा कार्डं वाया

दिवाळीची भेटकार्डं यंदा जुन्या पुस्तकांच्या पानांची करायची ठरवली, तेव्हा सगळ्यात अवघड जाईल ते आईला पटवणं, असं वाटलं होतं. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करायला लावणारी ती. पण कसरीनं चाळण केलेलं बाबांचं लॉगटेबल आणि एक जुनं पंचांग तिनंच माळ्यावरून काढून दिलं. आकाशकंदील, पणत्या कापणं एका दुपारी उरकलं.

मग फेव्हिकॉल आला.

ऑगस्टमधलं पुणं, बाहेर रिपरिप. पान कार्डशीटवर चिकटवलं की पाच मिनिटांत त्यावर लाटा. एक दाबावी तर दुसरीकडे उठायची. इस्त्री फिरवली, तर अख्खं कार्ड तळलेल्या पापडासारखं वाकलं. फेव्हिकॉलमध्ये पाणी घातलं, सुरकुत्या दुप्पट. ज्या व्हिडिओवरून हे शिकत होते, त्यातल्या बाईंचं पान मात्र दरवेळी सपाट. त्यांच्या गावी पाऊस पडत नसावा. तीन आठवड्यांत सतरा कार्डं केरात गेली. लॉगटेबल संपत आलं होतं, आणि तसं पिवळं पडलेलं दुसरं कुठून आणणार?

शेवटी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरकाकांना गाठलं. त्यांनी माझं कार्ड पाहिलं आणि विचारलं, "ताई, कागदाला उभं-आडवं असतं, माहितीये ना?" माहीत नव्हतं. त्यांनी पानाचा चौकोनी तुकडा एका बाजूनं ओला केला, तो लगेच नळीसारखा वळला. नळीची लांबी ज्या दिशेला, त्या दिशेला कागदाचे तंतू. कागद ओला झाला की तंतूंच्या आडव्या बाजूला फुगतो. म्हणून पान आणि कार्ड, दोघांचे तंतू एकाच दिशेला ठेवायचे. "आणि फेव्हिकॉल पानाला लावून मिनिटभर थांबा. त्याला काय पसरायचंय ते पसरू दे, मग बसवा."

मिनिटभर! मी तर वाळेल या धास्तीनं लावल्या लावल्या चिकटवत होते. म्हणजे पान कार्डावर बसल्यावर फुगत होतं. पापडाचा उपायही तितकाच साधा निघाला: कार्डाच्या आतल्या बाजूलाही तसाच कागद लावायचा, मग दोन्हीकडून ओढ सारखी. वर बटर पेपर आणि जाड शब्दकोश, रात्रभर. मध्येच उचकटून बघायचं नाही (मी बघितलं, एक कार्ड गेलं).

हे आधी सांगायला हवं होतं: पानाचा कोपरा दोनदा दुमडून बघा. तुटला तर ते पान इतकं ठिसूळ आहे की ओलं झाल्यावर हातातच येईल. त्याची लेझर झेरॉक्स काढा, शाई फुटत नाही. इंकजेटची फुटते. पिठाची खळ वापरणार असाल तर बाइंडर त्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात ते उगाच नाही, नाहीतर कसरीला आयतं जेवण. आणि कार्ड उन्हात ठेवू नका, असला स्वस्त कागद आणखी काळवंडतो.

पहिलं सपाट कार्ड घेऊन मी ऐटीत आईकडे गेले. तिनं चष्मा लावला, कंदिलावरचं पंचांग वाचलं आणि म्हणाली, "अगं, हे पितृपक्षाचं पान आहे."

आता आश्विन-कार्तिकाची पानं वेगळी काढत बसले आहे.