लिहून काढलं की झालं, मग टेप कशाला जपायच्या?

ध्वनिसंग्रहात काम करते असं कळलं की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच. 'मुलाखती लिहून काढल्यात, आता संगणकावरही चढवल्यात, मग ती जुनी रिळं अजून कशाला सांभाळता?' विचारणारा कधी विद्यार्थी असतो, कधी घरातल्या कॅसेटींचं खोकं घेऊन आलेला कुणाचा नातू, तर कधी कपाटं रिकामी करून हवी असलेला एखादा अधिकारी. प्रश्न रास्त आहे, आणि मी दरवेळी कामाच्या गडबडीत त्याचं अर्धंमुर्धं उत्तर देत आले आहे. या वेळी तुम्ही विचारलंत म्हणून नीट बसून सांगते.

आमच्याकडे एका वृद्ध बाईंची मुलाखत आहे. लहान वयात घर सुटलं, पुढचं सगळं आयुष्य दुसरीकडे गेलं. त्या मुलाखतीची टंकलिखित प्रत मी कितीतरी वर्षं वापरत होते. तिच्यात एका जागी असं आहे :

प्रश्न : मग परत कधी गेलात का?
उत्तर : नाही.

एवढंच, आणि लगेच पुढचा प्रश्न. मग एकदा त्या रिळाची डिजिटल प्रत करायची वेळ आली आणि मी पहिल्यांदा ते कानांनी ऐकलं. प्रश्न झाला आणि पुढे काहीच नाही. मला वाटलं मुद्रणच तिथे तुटलंय. मीटरकडे पाहिलं, तर काटा अगदी तळाशी पण थरथरत होता, म्हणजे खोली चालू होती. खुर्ची करकरली. धातूचं काहीतरी कुणीतरी जपून खाली ठेवलं. लांब बाहेर कोणी कोणाला हाक मारली. मुलाखत घेणाऱ्याने पुढचं विचारायला श्वास घेतला आणि तो तसाच सोडून दिला, गप्प राहिला. त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून फार आदर आहे. चौदाव्या सेकंदाला बाई म्हणाल्या, 'नाही.' त्यातला 'ना' नीट उमटतो, 'ही' घशातच राहतो.

टाइप करणाऱ्याची यात काही चूक नाही. त्याला शब्द उतरवायला सांगितले होते, ते त्याने उतरवले. कंसात 'विराम' लिहिता आलं असतं, पण त्या चौदा सेकंदांत काय काय होतं ते कंसात मावत नाही. आणि तीन सेकंदांच्या विरामालाही 'विराम'च म्हणतात.

शब्द उतरवले की काम झालं, हा गैरसमज जुना आहे आणि मोठमोठ्या लोकांनी तो केलेला आहे. मौखिक इतिहासाचं, म्हणजे लोकांच्या तोंडून ऐकून नोंदवलेल्या इतिहासाचं, पहिलं विद्यापीठीय केंद्र म्हणून ज्याचं नाव घेतात, ते कोलंबिया विद्यापीठातलं, अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये सुरू केलेलं. तिथे सुरुवातीच्या काळात मुलाखत टाइप झाली, बोलणाऱ्याने ती तपासून दिली, की टेप पुसून पुन्हा वापरायला घेत. टेप महाग होती, आणि कागद म्हणजेच दस्तऐवज अशी तेव्हाची समजूत. त्या लोकांचे शब्द आज आहेत, त्यांनी दुरुस्त केलेले. ते कसे बोलत, कुठे अडखळत, कुठल्या नावापाशी आवाज खाली आणत, हे आता कोणालाच कळणार नाही.

त्यावर कोणी म्हणेल की इतिहासाला माहिती लागते, आवाजाचा चढउतार नाही. मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला मी नेहमी इटलीतल्या तेर्नी या पोलादाच्या गावाचं उदाहरण देते. तिथे मार्च १९४९ मध्ये नाटो करारविरोधी निदर्शनांच्या वेळी पोलिसांशी झालेल्या चकमकीत लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार मारला गेला. तारीख कागदोपत्री पक्की आहे. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने पुढे जुन्या कामगारांना बोलतं केलं तेव्हा त्यांतले बरेच जण ठामपणे सांगायचे की तो १९५३ मध्ये मेला, कारखान्यातून हजारो कामगारांना काढलं तेव्हाच्या रस्त्यावरच्या लढाईत. तारीख साफ चूक होती. पण एवढे सगळे एकाच दिशेने चुकतात म्हणजे त्या चुकीला काहीतरी अर्थ आहे, हे पोर्तेल्लींनी ओळखलं. आपल्या सोबत्याचं मरण लोकांनी नकळत उचलून त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या पराभवाशेजारी नेऊन ठेवलं होतं. शब्दांकन करणाऱ्या एखाद्या सज्जनाने '१९५३' खोडून '१९४९' केलं असतं, तर मजकूर बिनचूक झाला असता आणि हाती लागलेली खरी गोष्ट निसटली असती.

बरं, आवाज महत्त्वाचा हे मानलं. पण डिजिटल प्रतीत तो आहे की! मग मूळ रीळ कशाला? प्रश्नाचा खरा अवघड भाग हा आहे.

एदुआर-लिओं स्कॉट द मार्तिनव्हील नावाचे एक फ्रेंच गृहस्थ छापखान्यात काम करत. १८५७ मध्ये त्यांनी एका उपकरणाचं पेटंट घेतलं. कर्ण्यात बोलायचं, त्याच्या टोकाचा पडदा थरथरायचा, पडद्याला लावलेला राठ केस काजळी धरलेल्या कागदावर नागमोडी रेघ ओढायचा. हा आवाज पुन्हा ऐकता यावा असा त्यांचा हेतूच नव्हता. आवाज डोळ्यांनी वाचायचा, अशी कल्पना. एडिसनचा फोनोग्राफ आला तो त्यानंतर वीस वर्षांनी, १८७७ मध्ये. स्कॉट यांचे ते काजळीचे कागद पॅरिसमध्ये दप्तरांत पडून राहिले. २००८ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी त्यांतल्या ९ एप्रिल १८६० च्या कागदाची बारकाईने प्रतिमा घेतली, संगणकाने त्या रेघेचा पुन्हा आवाज केला, आणि एका फ्रेंच लोकगीताची ओळ ऐकू आली. जगभर बातमी झाली. एखादी मुलगी गातेय असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. पुढच्याच वर्षी लक्षात आलं की वेग दुप्पट लागला आहे. स्कॉट यांनी आवाजाच्या रेघेशेजारी ठरावीक वेगानेच कंप पावणाऱ्या नादकाट्याचीही रेघ उमटवून ठेवली होती, पण त्या काट्याच्या कंपनांचा हिशेब लावताना घोटाळा झाला होता. वेग निम्मा केला तेव्हा ती मुलगी नाहीशी झाली आणि एक पुरुष अगदी सावकाश गाताना ऐकू आला. बहुधा स्कॉट स्वतः.

आता विचार करा, २००८ साली 'काम झालं' म्हणून तो कागद कोणी टाकून दिला असता आणि फक्त आवाजाची फाइल ठेवली असती तर? नादकाट्याची रेघ कागदावर होती, म्हणून चूक धरता आली.

आमच्या रोजच्या कामात हेच लहान प्रमाणावर घडत असतं. प्रत करणं म्हणजे यंत्र लावून चहाला जाणं अशी समजूत असते, पण त्यात पावलोपावली निवड असते. टेपवरचा आवाज वाचणारं यंत्राचं हेड जरा तिरकं बसलं तर 'स', 'श' बोथट होतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बोलणाऱ्याचेच दात गेलेत. जुन्या तबकड्यांना आपण सरसकट '७८'च्या म्हणतो, पण सुरुवातीच्या दशकांतल्या कित्येक तबकड्या मिनिटाला सत्तरच्या घरातल्या फेऱ्यांपासून नव्वदच्या घरापर्यंत कुठल्याही वेगाने मुद्रित झालेल्या आहेत. वेग चुकला की गाणाऱ्याची पट्टीच बदलते. सुई जरा जाड किंवा बारीक घेतली की ती खाचेच्या न झिजलेल्या भागावर टेकते, आणि काल खरखरीत बुडालेला शब्द आज सुटा ऐकू येतो. म्हणून डिजिटल प्रत म्हणजे त्या दिवशी, त्या यंत्रावर, त्या माणसाच्या कानाने केलेलं एक वाचन आहे. चांगलं वाचन असेल, पण दहा वर्षांनी त्याहून चांगलं होऊ शकतं. याच कारणाने जतनाच्या प्रतीत खरखर काढायची नाही, आवाज 'सुंदर' करायचा नाही, हा या क्षेत्रातला शिरस्ता आहे. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा बारीक मापाने जसं आहे तसं घ्यायचं, आणि साफसूफ करायची ती वेगळ्या प्रतीवर.

एवढं सांगूनही एक कबूल करायलाच हवं की रिळं कायमची टिकत नाहीत. अ‍ॅसिटेट या प्लॅस्टिकची जुनी रिळं कुजायला लागली की डबी उघडताच नाकाला व्हिनेगरचा झणका बसतो, आणि एकदा ते सुरू झालं की थांबत नाही, फक्त थंडाव्यात मंदावतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही पॉलिस्टर टेपांचं दुखणं निराळं. चुंबकीय कणांना धरून ठेवणारा थर हवेतला ओलावा खाऊन चिकट होतो, टेप हेडवर किंचाळते आणि मागे तपकिरी राळ सोडते. ती राळ म्हणजेच मुद्रण. अशी टेप आम्ही पन्नास अंशांच्या थोडं वर, तापमान नेमकं राखणाऱ्या पेटीत काही तास ऊब देऊन ठेवतो, म्हणजे थोड्या दिवसांपुरती ती वाजवण्याजोगी होते. अ‍ॅसिटेटला मात्र असली ऊब चुकूनही द्यायची नाही, म्हणून आधी रीळ उजेडासमोर धरायचं. कडेने प्रकाश आरपार दिसला तर अ‍ॅसिटेट. फोनोग्राफच्या मेणाच्या नळ्यांवर बुरशी धरते, शिवाय प्रत्येक वेळी वाजवताना त्या झिजतात.

माध्यमाहून आधी यंत्रं जातील अशी भीती आहे. टेप वाजवणारी व्यावसायिक यंत्रं बनणं थांबून बराच काळ झाला. सुटे भाग एका यंत्राचे काढून दुसऱ्याला लावायचे, आणि ते लावता येणारी माणसंही उतारवयाला आलेली. युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने २०१९ मध्ये ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर जगभरच्या संस्थांना सावध केलं होतं की साधारण २०२५ नंतर टेप नेमाने वाजवणं अशक्य होत जाईल. आणि तासाभराची टेप उतरवायला तास लागतोच, तयारी धरून दोन-तीन. त्याला घाई चालत नाही.

म्हणजे दोन्ही करायला हवं. प्रत आजच करायची, आणि मूळही टाकायचं नाही.

याहून एक साधी गोष्ट आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त मुद्रणं तिच्यापायी हरवतात. ती म्हणजे डबीवरचं लेबल. डेव्हिड बोडर हे मानसशास्त्रज्ञ १९४६ मध्ये पोलादी तारेवर मुद्रण करणारं यंत्र घेऊन युरोपात फिरले आणि छळछावण्यांतून वाचलेल्या, निर्वासित झालेल्या शंभराहून अधिक माणसांशी त्यांच्या त्यांच्या भाषांत बोलले. त्या अनुभवांची ही अगदी सुरुवातीची ध्वनिमुद्रणं. फ्रान्समधल्या एनोंव्हीलच्या निर्वासितांकडून त्यांनी गाणीही मुद्रित करून घेतली होती, त्या तारेचा मात्र कित्येक वर्षं पत्ता नव्हता. अखेर अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठाच्या संग्रहात ती सापडली, आणि २०१७ मध्ये ती जगाला ऐकायला मिळाली. यादीत गावाचं नाव चुकीचं उतरलं होतं. वाजवायला जुनं यंत्र शोधून, त्यात फेरफार करून घ्यावे लागले. गाणी तिथेच होती, फक्त कुणाला दिसत नव्हती.

संमतीबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण आवाज जपणं म्हणजे माणूसच ताब्यात ठेवणं असतं. बोस्टन कॉलेजच्या प्रकल्पात उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघटनांचे माजी लोक बोलले, ते आपण मरेपर्यंत हे बाहेर येणार नाही या विश्वासावर. २०११ मध्ये समन्स निघाली आणि काही मुलाखती तपासयंत्रणेकडे गेल्या. आपल्याला पाळता येणार नाही असं वचन आपण देऊ नये, एवढं मी त्यातून घेतलं. मुलाखतीआधी मी तसं स्पष्ट सांगते. काही जण त्यामुळे बोलत नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे.

तुमच्या घरी कॅसेट असेल तर उत्साहाने लगेच वाजवू नका. वरच्या कडेच्या दोन लहान चकत्या आधी तोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही मुद्रित होणार नाही. आवाज कोणाचा, कधीचा, कुठला, शेजारी कोण बसलं होतं, हे ज्याला आठवतं त्याच्याकडून आजच लिहून घ्या. कॅसेट कदाचित आणखी दहा वर्षं थांबेल, ते माणूस थांबेल असं नाही. आणि नवीन मुलाखत घेणार असाल तर प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहा, उत्तर आलं असं वाटल्यानंतरही जरा वेळ.

हे लिहितेय तेव्हा शेजारच्या खोलीत एक रीळ उबेत आहे. संध्याकाळी पेटी बंद होईल, रात्रभर ते निवेल आणि सकाळी मी ते यंत्रावर चढवीन. डबीवर शाईने फक्त 'आजी, भाग २' असं लिहिलंय. भाग १ आम्ही अजून शोधतोय.