टिमोशेंको आणि आमचे सायन्सचे सर

शाळेचा सुवर्णमहोत्सव म्हणल्यावर गॅदरिंग, सहली याबद्दल बाकीचे लिहितीलच, मला लिहायचंय स्टीफन टिमोशेंको या इंजिनियर-प्राध्यापकाबद्दल, ज्यांच्या पुस्तकांतून भार पडल्यावर वस्तू कशी वाकते ते शिकता येतं, कारण त्यांचं पुस्तक मला समजलं ते आपल्या सायन्सच्या सरांमुळे.

सर जाडजूड वही घेऊन वाकवायचे आणि म्हणायचे, कडेला बघा रे, पानं सरकतायत का? मग तीच वही क्लिपा लावून घट्ट आवळायची, आता वाकव! धड वाकायचीच नाही. फॉर्म्युला नाही, व्याख्या नाही, आधी हाताला कळू दे. पुढे सीओईपी इंजिनियरिंग कॉलेजला शिअर स्ट्रेस (थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण) शिकताना सगळे गडबडले होते, मला मात्र ती सरकणारी पानंच दिसत होती. अप्पा बळवंत चौकातून टिमोशेंकोंचं जुनं पुस्तक आणलं आणि मग त्या माणसाच्या नादीच लागलो.

जन्म 1878 चा, युक्रेनमधल्या खेड्यातला. सेंट पीटर्सबर्गला शिक्षण, मग कीव्हच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक. 1911 साली शिक्षणमंत्र्याविरुद्धच्या निषेधपत्रावर सही केली म्हणून नोकरी गेली. मला त्यांच्या सगळ्या करिअरमधली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, मेडल वगैरे नंतर. क्रांतीनंतर देश सुटला, काही काळ झाग्रेबला शिकवलं, आणि चाळिशी ओलांडल्यावर 1922 मध्ये अमेरिका, म्हणजे परक्या भाषेत सगळं पहिल्यापासून! वेस्टिंगहाऊस कंपनीत मशिनींचे खरे प्रॉब्लेम सोडवले, तिथल्या इंजिनियरांना शिकवलं, मग 1927 पासून मिशिगन आणि 1936 पासून स्टॅनफर्ड. पुस्तकं एवढी सोपी का, तर ती अशी कामातून आलीयत असं माझं पक्कं मत आहे. 1972 ला जर्मनीत वारले.

बीम (आडवी तुळई) वाकताना शिअरमुळेही थोडा जास्त वाकतो हे त्यांनी 1921 च्या पेपरात हिशोबात धरलं, लांब सडपातळ बीमला फारसा फरक पडत नाही पण आखूड आणि जाड असला की पडतो. आता पुण्यात रिडेव्हलपमेंटमध्ये खाली पार्किंग हवं म्हणून वरचे कॉलम (खांब) मधेच थांबवतात आणि सगळा भार असल्याच जाड बीमवर येतो, त्यामुळे आमच्या ऑफिसात टिमोशेंको रोज लागतात.

त्यांच्या स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सचे दोन्ही भाग शाळेच्या लायब्ररीला देतोय. दहावीच्या मुलांना सगळं कळणार नाही, पण पहिल्या भागातल्या आकृत्या नक्की बघा, आणि अडलं तर मला फोन करा, नंबर शाळेच्या ऑफिसात ठेवलाय.