रंगनथिट्टू: एकाच बोटीतून वटवाघळं आणि चित्रबलाक

म्हैसूरला जाताय ना, मग पॅलेसचा वेळ थोडा कमी करा पण रंगनथिट्टू पक्षी अभयारण्य चुकवू नका. श्रीरंगपट्टण स्टेशनवरून रिक्षा मिळते, जवळच आहे. कावेरीतली छोटी छोटी बेटं, पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९४० साली म्हैसूरच्या महाराजांना पटवून दिलं म्हणून अभयारण्य झालं, २०२२ पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे.

बोटीतले सगळे चित्रबलाकांचे फोटो काढण्यात गुंग असतात, आणि खरंच काय देखणा पक्षी आहे, पिवळी चोच, शेपटीजवळ गुलाबी झाक. पण त्याच बेटांवर मोठी वटवाघळं शेकड्याने लटकलेली असतात, त्यांच्याकडे बघून लोक फक्त "ई" करतात याचं फार वाईट वाटतं. पंख पसरले की वटवाघूळ सव्वा मीटरच्या पुढे जातं, चित्रबलाक साधारण दीड मीटर, म्हणजे फार फरक नाही, पण एकाचे पंख पिसांचे आणि दुसऱ्याचे लांब बोटांमध्ये ताणलेल्या कातडीचे.

मला सगळ्यात भारी वाटलं ते वेगळंच. वटवाघूळ आंधळं असतं असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण ही फळं खाणारी जात आवाजाच्या प्रतिध्वनीवर चालतच नाही, मोठ्या डोळ्यांनी बघून आणि वासावरून फळं शोधते. उलट चित्रबलाक गढूळ पाण्यात चोच अर्धवट उघडी ठेवून फिरवत राहतो, मासा चोचीला लागला की खटकन मिटतो, तिथे डोळ्यांचं फारसं काम नाही. दुपारच्या उन्हात वटवाघळं पंखांनी वारा घेत असतात तेही नीट बघा.

आता कामाचं. डिसेंबर ते एप्रिल जा, तेव्हा घरटी दिसतात. पावसाळ्यात कावेरीवरच्या केआरएस (कृष्णराजसागर) धरणातून पाणी सोडलं की बोटिंग बंद होतं, आधी चौकशी करा. शक्यतो वीकेंड टाळा आणि सकाळची पहिली बोट घ्या. फोटोग्राफीसाठी वेगळी बोट मिळते, महाग पडते पण निवांत थांबता येतं. बोटवाल्याला आधीच सांगा की वटवाघळांपाशी पण थांबायचंय, नाहीतर तो सरळ पुढे नेतो. दुर्बीण न्याच. पाण्यात हात घालू नका, मगरी अगदी जवळच्या खडकांवर पडलेल्या असतात. मुलांना आधीच समजावा की टाळ्या, आरडाओरडा नाही, वटवाघळं दिवसा झोपलेली असतात, दचकून उडाली की पोटाला चिकटलेलं पिल्लू पडू शकतं. आणि झाडाखाली पडलेलं अर्धवट कुरतडलेलं फळ कितीही ताजं दिसलं तरी उचलून खाऊ नका.