बाण घरीच का बनवते

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात धनुष्याने हरणाची शिकार करायचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो. माझं काम मात्र उन्हाळ्यातच तळघरातल्या टेबलावर सुरू झालेलं असतं. दुकानात तयार बाणांची पाकिटं मिळतात आणि ते बाण वाईट नसतात. पण ते कुणातरी सरासरी माणसाच्या सरासरी धनुष्यासाठी जुळवलेले असतात. बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला तर हरीण काही सेकंदांत कोसळतं. तो तिरका आला, हाडाला अडला किंवा पोटात शिरला तर ते जनावर तासन्‌तास तडफडतं. मी बाण घरी बनवते ते या एकाच कारणासाठी.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि ती बंद आहे हे योग्यच आहे. इथे परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या संख्येत शिकार होते. ते मांस आमच्या घरी हिवाळाभर पुरतं. (त्याला चरबी जवळजवळ नसते. तांबड्या रश्श्यात टाकायचं तर मंद आचेवर खूप वेळ शिजवावं लागतं.)

माझं कंपाउंड धनुष्य, म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं, ५२ पौंड ओढीचं आहे. याच प्रकारात २०२३ साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, तेव्हा मी घरात अक्षरशः नाचले होते.

सुरुवात होते दांड्यापासून. कार्बनच्या पोकळ दांड्यावर ३४०, ४००, ५०० असा एक आकडा छापलेला असतो, त्याला स्पाइन म्हणतात. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर दांडा ठेवून मधोमध १.९४ पौंडांचं वजन टांगायचं. तो इंचाचे जितके हजारांश वाकेल तो त्याचा स्पाइन. म्हणजे आकडा जितका लहान तितका दांडा कडक. पण धनुष्यातून सुटताना बाण किती लवतो हे नुसत्या या आकड्यावर ठरत नाही. दांडा आखूड कापला की तो जास्त कडक वागतो, टोकाला वजन वाढवलं की जास्त मऊ वागतो. पुढे जड पातं लावायचं म्हणून मी ४०० चा दांडा घेते आणि २७ इंचांवर कापते.

कापायला वेगाने फिरणारी अपघर्षक चकतीच हवी. नळ कापायच्या कटरने कार्बनचे तंतू चिरडतात आणि दांडा आतून फुटतो. ती काळी धूळ फुप्फुसांत जाता कामा नये, म्हणून मास्क, चष्मा आणि शेजारी चालू ठेवलेला व्हॅक्यूम. दांड्याचा वाकडेपणा बहुधा टोकांकडे असतो, त्यामुळे मी दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कापते. मग कापलेली कड मार्करने रंगवायची आणि बारीक पॉलिश कागद लावलेल्या साच्यावर दांडा फिरवायचा. रंग सगळीकडून सारखा उडाला की कड काटकोनात आली. हे काम कंटाळवाणं आहे, पण पातं सरळ बसणार की नाही ते इथेच ठरतं. इथे घाई केली तर पुढे कशानेही भरून निघत नाही.

पुढच्या टोकात पातं आट्यांवर बसवण्यासाठी धातूचं इन्सर्ट चिकटवायचं. आधी आतली बाजू कापसाच्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. कापूस पांढरा निघेपर्यंत पुसायची. मग दोन भागांचा इपॉक्सी लावून इन्सर्ट गोल फिरवत आत ढकलायचं. त्या वेळी मागचा नॉक, म्हणजे दोरीत अडकणारा खाचेचा तुकडा, काढलेला असावा, नाहीतर आत कोंडलेली हवा इन्सर्टला हळूहळू बाहेर रेटते. मग दांडे पुढच्या टोकावर उभे करून रात्रभर तसेच ठेवायचे.

मला हे सगळं शेजारच्या आजोबांनी शिकवलं. ते अजून लाकडी दांडे आणि टर्की पक्ष्याची पिसं वापरतात. पिसं निवडताना एका बाणावर उजव्या आणि डाव्या पंखांची सरमिसळ ते कधीच होऊ देत नाहीत, कारण त्यांचा बाक उलटा असतो. मी प्लास्टिकची पिसं लावते. इथल्या ऑक्टोबरच्या पावसात खरी पिसं भिजून बसतात. जिगमध्ये, म्हणजे पिसं चिकटवायच्या साच्यात, १२० अंशांवर तीन पिसं, किंचित पीळ देऊन, म्हणजे बाण स्वतःभोवती फिरत जातो आणि रुंद पात्याला भरकटू देत नाही. प्रत्येक पिसाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला गोंदाचा एक एक जादा थेंब.

पिसं नेहमी पांढरी. बाण आरपार जाऊन जमिनीत रुतला की पहिली बातमी त्या पिसांवर लिहिलेली असते. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, हरीण जवळच पडलेलं असणार. गडद लाल म्हणजे बहुतेक यकृत, काही तास थांबायचं. हिरवट-तपकिरी आणि घाण वास म्हणजे पोट. अशा वेळी लगेच मागे धावलं तर हरीण उठून दूर पळतं आणि हाती लागत नाही. ते कुठेतरी एकटं मरतं. म्हणून दहा-बारा तास त्याला हलवायचं नाही. गडद रंगाच्या पिसांवर हे वाचताच येत नाही.

आता वजन. दांडा २४३ ग्रेन, इन्सर्ट ७५, पातं १२५, पिसं २४, नॉक १०. एकूण ४७७ ग्रेन, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम. तराजूवर सगळे बाण एकमेकांच्या दोन-तीन ग्रेनच्या आत यायला हवेत. तयार बाण मागच्या टोकापासून १८.५ इंचांवर तोलला जातो. दांड्याचा मध्य १३.५ वर, फरक ५ इंचांचा, त्याला २७ ने भागलं की साधारण १८.५ टक्के. बाणाचा भार पुढे किती झुकलाय ते हा आकडा सांगतो. शिकारीचे बाण बहुधा १० ते १५ टक्क्यांत असतात. दुकानदार वेगाचा आग्रह धरतात, हलका बाण घ्या म्हणतात. मला ते पटत नाही. मी वीस यार्डांपलीकडे बाण सोडतच नाही, आणि तेवढ्या अंतरात थोडा हळू पण जड बाण बरगडीला अडला तरी खोल जातो.

मिशिगनच्या नियमाप्रमाणे पातं किमान ७/८ इंच रुंद हवं. माझं दोन धारांचं आहे आणि हातावरची लव निघेपर्यंत मी त्याला धार लावते. मग बाण टोकावर उभा करून भोवऱ्यासारखा फिरवायचा. पातं थरथरलं तर तो बाण सरावाच्या डब्यात. ऑगस्टभर पात्याचे आणि सरावाच्या टोकाचे बाण आलटून पालटून मारायचे. दोन्ही एकाच जागी लागले पाहिजेत. पाती वेगळीकडे जात असतील तर धनुष्य आणि बाणाचं अजून जुळलेलं नाही. आणि प्रत्येक वेळी बाण लावण्याआधी तो दोन्ही हातांनी वाकवून कानाजवळ धरायचा. कट्कट् आवाज आला तर तडा आहे. तडकलेला कार्बन सुटताना फुटून हातात घुसतो.

महाराष्ट्रात टार्गेटसाठी बाण बनवायचे असतील तर हीच पद्धत चालते. फक्त पात्याऐवजी साधं टोक, लहान पिसं आणि कमी वजन. लांबी मात्र प्रशिक्षकांसमोर ओढ मोजूनच ठरवा. वाढत्या वयाच्या मुलांसाठी दांडा दीड-दोन इंच जास्तच ठेवा, कारण वर्षभरात हात लांब होतात आणि आखूड बाण धनुष्याच्या टेकणीवरून मागे घसरला तर तो थेट हातात शिरू शकतो.