रेंज किती?

“काकू, तुमच्या रेडिओची रेंज किती हो?”

हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन स्वतःच्या संचावरून लांबच्या लोकांशी बिनतारी बोलण्याचा, छंद आहे म्हटलं की साताऱ्यात हा प्रश्न ठरलेला. पोवई नाक्यावरचे ओळखीचे दुकानदार विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बायका विचारतात, इंजिनिअरिंगची मुलंसुद्धा तेच विचारतात. मी वापरते तो संच तळहातावर मावतो. किट आणून, एकेक भाग सोल्डर करून तो मीच जोडला आहे, आणि त्याची ताकद जास्तीत जास्त ५ वॉट. पूर्वी देवघरात लावायचो तो झिरोचा दिवासुद्धा १५ वॉटचा असायचा. हे सांगितलं की पुढचा प्रश्न येतो: “मग अजिंक्यतारा तरी ओलांडतो का?”

तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. वॉकीटॉकीच्या खोक्यावर किलोमीटर छापलेले असतात, तसा एक आकडा माझ्या संचावर लिहिता येणार नाही. त्याच संचातून आणि त्याच तारेतून, म्हणजे अँटेनातून, सकाळी पुण्याशी गप्पा होतात, आणि रात्री पुणं गायब होऊन समुद्रापलीकडचे लोक ऐकू येतात. रेंज डबीत नसते. ती वर बांधलेल्या तारेत, सूर्य कुठे आहे त्यात आणि पलीकडे कान देऊन बसलेल्या माणसात वाटलेली असते.

आधी अजिंक्यताऱ्याचं सांगते. आमचं घर त्याच्या पायथ्याशी, आणि किल्ला शहराच्या दक्षिणेला सुमारे ३०० मीटर उंच उभा आहे. हातात धरायचा १४५ मेगाहर्ट्झचा संच घेतला तर त्याच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संपलं. दूरदर्शनचा मनोरा किल्ल्यावर नेऊन उभा केला तो यासाठीच. माझा संच मात्र ७ मेगाहर्ट्झवर चालतो, ज्याला आम्ही ४० मीटरचा बँड म्हणतो. या लहरी वर आयनोस्फिअरपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या उंचावरच्या विद्युतभारित थरांपर्यंत जातात, अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवरच्या थरातून वळतात आणि परत खाली येतात. माझी तार गच्चीवरच्या बांबूवर, जमिनीपासून जेमतेम ८ मीटर उंच आहे. ४० मीटर लांबीच्या लहरीच्या मानाने ही उंची फारच कमी, त्यामुळे बरीचशी ताकद सरळ वर जाते आणि कारंज्याच्या पाण्यासारखी चहूबाजूंना काही शे किलोमीटरच्या टापूत उतरते. अजिंक्यतारा, यवतेश्वर, जरंडेश्वर यांना त्यात काही म्हणायलाच जागा उरत नाही. आपल्यासारख्या डोंगरांच्या वाटीत राहणाऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पाटणच्या खोऱ्यातला माणूस आणि वाईचा माणूस एकमेकांना हातातल्या संचावर ऐकू शकणार नाहीत, पण कमी उंचीवर बांधलेल्या साध्या तारेवर, ४० मीटरवर, दिवसा सहज ऐकतील.

दिवसा, हे महत्त्वाचं. सकाळी माझ्या ५ वॉटवर पुणे, गोवा, हुबळी अगदी आरामात होतात. हैदराबाद पावणेपाचशे किलोमीटर आणि बंगळुरू साडेसहाशे, तीही होतात. भर दुपारी आयनोस्फिअरचा सगळ्यात खालचा, डी नावाचा थर लहरी शोषून घेतो आणि सगळंच मंदावतं. सूर्य मावळला की डी थर विरतो, वरचा थरही पातळ होतो. सरळ वर गेलेल्या लहरी मग परत न येता आरपार निघून जातात. तिरक्या गेलेल्या तेवढ्या लांब कुठेतरी उतरतात. म्हणून रात्री जवळचे मुके होतात आणि लांबचे बोलू लागतात. १४ मेगाहर्ट्झवर गेलं तर संध्याकाळी युरोप उघडतो. याच्यावर सूर्यावरच्या डागांचं सुमारे अकरा वर्षांचं चक्र आहेच. २०२४ च्या सुमारास ते चढावर होतं आणि वरच्या बँडवर थोड्या वॉटांतही फार लांबचं जमत होतं.

आता वॉटांचा हिशेब. बाजारात मिळणारा नेहमीचा संच १०० वॉटचा असतो. ५ वॉट म्हणजे त्याचा विसावा भाग, आणि ऐकायला तो विसावा भाग वाटेल असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. १०० वरून ५ वर आलं की १३ डेसिबल कमी होतात. सिग्नल किती जोरात येतो ते दाखवणाऱ्या रिसीव्हरवरच्या मीटरचा एक एस-पॉइंट साधारण ६ डेसिबलचा, म्हणजे फरक दोन पॉइंटांहून थोडा जास्त. १०० वॉटवर मी कुणाला एस ९ ऐकू येत असेन, तर ५ वॉटवर एस ७ च्या जरा खाली येईन. त्याच्याकडे शांतता असेल तर एवढं भरपूर झालं. त्याच्याच घरात खरखर एस ७ ची असेल तर मात्र मी बुडाले, आणि ते मान्य करायला हवं. कमी ताकदीवर काम करण्याला क्यूआरपी म्हणतात; मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेषांच्या भाषेत, ५ वॉट आणि आवाजात १० वॉट ही त्याची सर्वमान्य मर्यादा. मोर्सला कमी पुरतं, कारण आवाजाला अडीच हजार हर्ट्झच्या आसपास जागा लागते, तर मोर्स काही शे हर्ट्झच्या अरुंद फिल्टरमधून ऐकता येतो आणि बाकीचा गोंगाट बाहेर राहतो. छोटी किटं बहुतेक मोर्सची असतात ती याचमुळे. याची हद्द पाहायची असेल तर डब्ल्यूएसपीआर पाहा. भौतिकशास्त्राचं १९९३ चं नोबेल मिळालेले जो टेलर हे हॅम आहेत. त्यांनी २००८ मध्ये ही पद्धत आणली. एक छोटासा संदेश जवळजवळ दोन मिनिटं घेऊन हळूहळू पाठवायचा, आणि २०० मिलिवॉटमध्ये तो समुद्र ओलांडतो.

किट कोणतं, हेही विचारता. पिक्सी सगळ्यात स्वस्त: ७.०२३ मेगाहर्ट्झचा एक क्रिस्टल, दोन ट्रान्झिस्टर, एलएम३८६ ची चिप, आणि एखाद वॉटच्या आत काम. सोल्डरिंग शिकायला ते छान आहे, पण त्याचा रिसीव्हर आजूबाजूचं सगळं एकदम ऐकवतो, म्हणून एकमेव संच म्हणून मी ते कुणाला सुचवत नाही. हॅन्स समर्स यांचं २०१७ मध्ये आलेलं क्यूसीएक्स मला फार आवडतं. एकाच बँडचं, मोर्सचं, शेवटच्या टप्प्यात तीन साधे बीएस१७० ट्रान्झिस्टर, आणि माहितीपुस्तक असं की वाचता वाचता माणूस शिकतो.

पण माझा जीव खरा बिटएक्समध्ये. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी, कॉलसाइन (हॅमला परवान्यासोबत मिळणारं ओळखचिन्ह) व्हीयू२ईएसई, २००३ मध्ये हा आवाजाचा संच सगळ्यांसाठी खुला केला. परदेशी मासिकांतले आराखडे वाचायचे आणि त्यातले निम्मे भाग इथे मिळत नाहीत म्हणून मासिक मिटून ठेवायचं, हे आपल्याकडच्या कितीतरी हौशी लोकांच्या वाट्याला आलेलं आहे. फरहान यांनी आपल्या बाजारात मिळतं त्यावरून उलटा विचार केला. ऐकताना आणि बोलताना बरेचसे भाग तेच राहतात, सिग्नल फक्त उलट दिशेने जातो. शेवटच्या टप्प्यात आयआरएफ५१०, जो मुळात स्विचिंगच्या कामासाठी केलेला स्वस्त मॉस्फेट, म्हणजे ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार. आणि कॉइल गुंडाळायला नळाचा वॉशर! तो वॉशर तुमच्याआमच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पुढे त्याचे तयार बोर्ड निघाले आणि जगभर गेले.

किट जोडताना लोक चिपला घाबरतात. घाबरायचं असेल तर टोरॉइडला घाबरावं. बोटाच्या पेरापेक्षा लहान कडं, त्यावर इनॅमलची तार गुंडाळायची. लाल रंगाचं कडं म्हणजे २ नंबरचं मटेरियल, पिवळं म्हणजे ६ नंबरचं. दिसायला सारखी असली तरी एकाच्या जागी दुसरं चालत नाही. तार भोकातून जितक्या वेळा आत गेली तितके वेढे, बाहेरून मोजायचे नाहीत. वेढे एकमेकांना चिकटवले की इंडक्टन्स वाढतो, पसरले की घटतो. नखाने सरकवत सरकवत पॉवर मीटरवरचा काटा वर येताना पाहणं हा मला या सगळ्यातला सर्वात सुंदर भाग वाटतो. तारेसाठी पुण्याला बुधवार पेठेत जायची गरज नाही. शेतीपंपाच्या मोटारी भरून देणारं वायंडिंगचं दुकान प्रत्येक तालुक्यात आहे, तिथे २६ किंवा २८ गेजची तार वजनावर मिळते. टोकांचं इनॅमल पूर्ण खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही, वरवर धरल्यासारखं दिसतं तेवढंच.

संच पहिल्यांदा सुरू करताना तारेऐवजी डमी लोड, म्हणजे सगळी ताकद उष्णतेत जिरवणारा रेझिस्टरांचा जुडगा, लावायचा. १ किलोओहमचे पाव वॉटचे २० कार्बन रेझिस्टर समांतर जोडले की बरोबर ५० ओहम आणि ५ वॉट होतात. काही रुपयांत काम होतं, आणि हवेत काही न सोडता सगळं तपासता येतं.

ताकद कमी असली की ऐकण्याची किंमत कळते. घरातले एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, शेजारच्या छपरावरचं सोलर, यातलं बरंच काही ४० मीटरवर खरखर ओततं. म्हणून आमच्या पेठेतली लाईट गेली की मी हातातलं काम टाकून संचापाशी जाते. संच १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीवर चालतो, ऐकताना ०.१ अँपिअर आणि पाठवताना अर्ध्याच्या आसपास लागतात, त्यामुळे दिवसभर पुरतो. लाईट गेल्याबरोबर बँड एकदम स्वच्छ होतो आणि खाली दबलेले बारीक सिग्नल वर येतात. तीच शांतता डोंगरावर मिळते. मी यवतेश्वरच्या बाजूला जाते. कासच्या पठारावर मात्र तार बांधत नाही आणि कुणी बांधूही नये. तिथल्या फुलांवर पाय पडेल असं काही करण्याइतका कुठलाच संपर्क मोठा नाही. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग जमले की कडकडाटाशिवाय काही ऐकू येत नाही, आणि तेव्हा तार संचापासून काढून बाहेर टाकणं हेच शहाणपण. थंडी सगळ्यात चांगली.

पाच वॉटच का, शंभर का नाही? शंभर वॉट असले की वाईट तारही चालून जाते, अवेळही चालून जाते. पाच वॉटला तार, वेळ आणि कान तिन्ही बरोबर लागतात, आणि पलीकडून माझं कॉलसाइन परत ऐकू आलं की ते का आलं हे मला प्रत्येक वेढ्यापर्यंत सांगता येतं. किल्लारीच्या १९९३ च्या आणि भूजच्या २००१ च्या भूकंपात हॅम मंडळींनी संपर्काचं काम केलं. अशा वेळी बॅटरीवर चालणारा, मोडला तर आपणच उघडून दुरुस्त करू असा संच घरात असावा, असं मला मनापासून वाटतं.

परवाना अर्ध्या वॉटलाही लागतो. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा आहे, वयाची १२ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही देता येते. परवान्याच्या जनरल श्रेणीला मिनिटाला ८ शब्दांच्या मोर्सची चाचणीही आहे.

आणि तुम्हाला सुरुवात करायचीच असेल तर किटचे पैसे तूर्त बाजूला ठेवा. २० मीटर तार घ्या, मधोमध तोडून दोन्ही बाजूंना १०-१० मीटर ताणा, मधून केबल खाली आणा, आणि एसएसबी (हॅम लोक आवाजासाठी वापरतात ती पद्धत) ऐकवणारा कुठलाही शॉर्टवेव्ह रिसीव्हर जोडा. सकाळी ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास बसा. आपल्या देशात कॉलसाइनवरून गाव कळत नाही, त्यामुळे गावाचं नाव ते बोलण्यात सांगेपर्यंत थांबावं लागेल. एका वहीत वेळ, गाव आणि किती जोरात ऐकू आलं ते लिहा. संध्याकाळी आणि रात्री पुन्हा लिहा. ढग कसे होते आणि लाईट होती की गेली होती, हेही त्याच ओळीत लिहा.