अर्ध्या मिनिटात संपलेले दहा दिवस

शेतातली मोटार घरबसल्या फोनवरून चालू-बंद करणाऱ्या यंत्राला आमच्या कारखान्यात ‘कार्ड’ म्हणत, दुकानदार ‘मोबाइल स्टार्टर’ म्हणत आणि जुन्नर तालुक्यातले शेतकरी सरळ ‘मशीन’ म्हणत. त्या कार्डावरच्या मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅम, म्हणजे ज्याला फर्मवेअर म्हणतात तो, लिहिण्याचे काम मी भोसरीतल्या एका लहान कंपनीत सहा वर्षे केले. नातेवाइकांत ही नोकरी समजावून सांगणे कठीण असे. कॉम्प्युटर शिकलेली मुलगी हिंजवडीला न जाता भोसरीत सोल्डरिंगच्या धुरात का बसते, हा प्रश्न प्रत्येक लग्नकार्यात एकदा तरी निघायचा आणि मी दर वेळी वेगळे उत्तर द्यायचे.

त्या वर्षी हंगामापूर्वी आम्ही नव्या लॉटची ३८ कार्डे जुन्नर भागातल्या चार गावांत बसवली होती. शेतीपंपांना तेव्हा ठरावीक तासच वीज मिळायची. ती पाळीप्रमाणे कधी दिवसा, तर कधी रात्री असायची. रात्रीची पाळी आली की उसाच्या कडेने विहिरीवर जाऊन मोटार चालू करावी लागायची आणि जुन्नरच्या उसात बिबट्या असतो, ही तिथली नित्याची गोष्ट आहे. बिबट्यांचे निवारा केंद्र त्याच तालुक्यात, माणिकडोहला आहे. त्यामुळे शेतकऱ्याच्या दृष्टीने हे यंत्र चैनीचे नव्हते. घरातून फोन लावायचा, यंत्राने तो उचलायचा, तिन्ही फेज तपासायचे आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटारीला वीज जोडणारा मोठा स्विच, ओढायचा, एवढ्यासाठी त्याने पैसे मोजलेले असत.

बसवल्यानंतर साधारण सात आठवड्यांनी तक्रारी येऊ लागल्या. फोन लावला तर ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ असे ऐकू यायचे. आमच्याकडे फोनवर तक्रारी घेणारा मुलगा सांगायचा, की पेटी उघडा आणि बॅटरीचे बटण बंद करून पुन्हा चालू करा. तसे केले की यंत्र मुकाट्याने कामाला लागायचे. दोन ठिकाणी तर कोणी हातही न लावता चार-सहा दिवसांनी यंत्र आपोआप सुरू झाले. आमच्या धंद्यात यापेक्षा वाईट बातमी नसते. कायमचा बिघडलेला बोर्ड टेबलावर ठेवून मल्टिमीटर लावता येतो. आपोआप बरा होणारा बोर्ड मात्र कोणत्याच टेबलावर सापडत नाही.

संशय आधी नव्या बॅटरीवर गेला, कारण या लॉटमध्ये तोच एक बदल होता. वीज गेली तरी निरोप पाठवता यावा म्हणून जुन्या कार्डांवर एक लहान बॅटरी असे. ती उन्हाळ्यात पेटीच्या आतल्या उष्णतेने वर्षभरात मान टाकायची. नव्या लॉटमध्ये चांगला लिथियम सेल बसवला होता. आमच्या हार्डवेअरच्या सरांचे म्हणणे असे, की सेलमधून पुरेसा करंट मिळत नसावा. त्यात तथ्य होते. जीएसएम मॉड्यूल, म्हणजे कार्डावरचा मोबाइल नेटवर्कशी बोलणारा भाग, सलग करंट ओढत नाही. प्रक्षेपण करताना तो ५७७ मायक्रोसेकंदांच्या एकेका खिडकीत दोन अँपिअरपर्यंत झटका मारतो आणि तेवढ्यात व्होल्टेज खाली बसले, तर मॉड्यूल अर्धवट बेशुद्ध होतो. ही व्याधी आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होती. म्हणूनच मी फर्मवेअरमध्ये दर ३० सेकंदांनी मॉड्यूलची नाडी बघणारी एक तपासणी ठेवली होती: ‘नेटवर्कवर आहेस का’ असे विचारायचे आणि सलग तीनदा उत्तर आले नाही, तर त्याचा वीजपुरवठा तोडून पुन्हा द्यायचा. मॉड्यूल महिन्यातून काही वेळा अडकायचा, दीड-दोन मिनिटांत पुन्हा उठायचा आणि शेतकऱ्याला पत्ताही लागायचा नाही. प्रश्न असा होता, की मॉड्यूल अडकला हे समजले, पण त्याला उठवणारी तपासणी कुठे गेली होती?

वॉचडॉगवर माझा विश्वास होता. वॉचडॉग म्हणजे मायक्रोकंट्रोलरमधला एक स्वतंत्र घड्याळी पहारेकरी; प्रोग्रॅमने त्याला ठरावीक वेळात ‘मी जागा आहे’ असे सांगितले नाही, तर तो सगळेच रीसेट करतो. परंतु तक्रारीतल्या प्रत्येक यंत्रावर हिरवा दिवा नेमाने लुकलुकत होता, पेटीवरचे बटण दाबले की मोटार चालू होत होती, ड्राय रनचे, म्हणजे पाण्याविना मोटार चालू न देण्याचे, संरक्षणही काम करत होते. प्रोग्रॅम जागा होता. त्यातले एकच काम झोपले होते आणि पहारेकऱ्याला ते दिसण्याचे कारण नव्हते.

शेवटी मी लॅपटॉप, डीबगर (चालता प्रोग्रॅम थांबवून त्यातले आकडे वाचण्या-बदलण्याचे साधन) आणि दोन कोरी कार्डे घेऊन नारायणगावची बस धरली. ज्यांच्याकडे गेले त्यांना सगळे गाव तात्या म्हणत होते. त्यांच्या दोन विहिरी होत्या. एकीवर आमचे तीन वर्षांपूर्वीचे कार्ड आणि दुसरीवर नव्या लॉटमधले. नवे आदल्याच आठवड्यात बंद पडले होते. पेटी उघडून मी सेल मोजला, मॉड्यूलच्या पायांवरचे व्होल्टेज पाहिले, अँटेनाची तार पाहिली. सगळे व्यवस्थित होते. तात्या बांधावर बसून माझे चाललेले पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “ताई, त्या जुन्या मशिनची बॅटरी मेली त्याला दोन वर्षं झाली. लाईट गेली की ते मरतं, लाईट आली की उठतं. पण फोन उचलला नाही असं एकदाही नाही झालं. तुमचं हे नवं, चांगल्या बॅटरीचं, हेच का रुसतं?”

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. परतीच्या बसमध्ये मात्र मंचरच्या पुढे ते वाक्य डोक्यात उलटे फिरले. जुने यंत्र लाईट गेली की मरते, म्हणजे ते रोज नव्याने जन्म घेते. नवे यंत्र बॅटरीमुळे कधीच मरत नाही. चांगल्या बॅटरीने बिघाड निर्माण केला नव्हता. वाईट बॅटरी तो इतकी वर्षे झाकत होती.

दुसऱ्या दिवशी मी तक्रारींची वही मागवली आणि प्रत्येक यंत्राची बसवल्याची तारीख व पहिल्या तक्रारीची तारीख शेजारी शेजारी मांडली. तक्रारी एकूण ११ होत्या. सर्वांत लवकरची पन्नासाव्या दिवशी, सर्वांत उशिराची अठ्ठावन्नाव्या दिवशी. पन्नासच्या आत एकही नाही. ऑपरेटिंग सिस्टिमशी थोडाही संबंध आलेल्या माणसाला हा आकडा बघून पोटात गोळा येतो. आमच्या प्रोग्रॅममधले घड्याळ मिलिसेकंद मोजत जाते आणि ती मोजणी ३२ बिटांच्या संख्येत साठते. त्या संख्येत जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ मावतात; पुढच्या मिलिसेकंदाला ती शून्यावर येते. हा प्रवास ४९ दिवस, १७ तास, २ मिनिटे आणि ४७ सेकंदांचा आहे. विंडोज ९५ याच मुदतीला गोठत असे. बोइंग ७८७ विमानाच्या जनरेटर नियंत्रकांबद्दल अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१५ मध्ये जो आदेश काढला, त्यातली २४८ दिवसांची मुदत हीदेखील याच कुळातली आहे.

म्हणजे गुन्हेगाराचे आडनाव कळले होते. पण नुसत्या शून्यावर येण्याने तपासणी कित्येक दिवस का थांबावी, हे कळले नव्हते. आणि काही यंत्रेच का? ३८ पैकी २७ जणांनी तर ब्र काढला नव्हता.

मी ती ओळ उघडली. चार वर्षांपूर्वी मीच लिहिलेली होती. तिचा अर्थ मराठीत असा होतो: ‘आत्ताची वेळ पुढच्या तपासणीच्या वेळेपेक्षा मोठी झाली असेल, तर तपासणीचा झेंडा (‘तपासणी करायची आहे’ ही खूण) उभा कर आणि पुढच्या वेळेत ३० सेकंद मिळव.’ ‘आत्ताच्या वेळेत’ नव्हे, ‘पुढच्या वेळेत’. ही हुशारी मी जाणूनबुजून केली होती, कारण आत्ताच्या वेळेत मिळवले, की दर फेरीचा थोडा थोडा उशीर साचत जातो आणि ठोका सरकतो. त्या वेळी या बारकाव्याचा मला अभिमान वाटला होता, हेही इथे लिहून ठेवले पाहिजे.

डीबगर जोडून मी घड्याळाचा आकडा शून्यावर येण्याआधी बरोबर एक मिनिटावर नेला, पुढच्या तपासणीची वेळ त्यापुढे ३० सेकंदांवर ठेवली आणि प्रोग्रॅम सोडून दिला. ३० सेकंदांनी तपासणी झाली आणि ‘पुढची वेळ’ ३० सेकंदांनी पुढे गेली. पण तेवढी जागाच उरली नव्हती, म्हणून ती वळसा घालून शून्याजवळ आली. ‘आत्ता’ अजून ४२९ कोटींच्या घरात होते. आता ‘आत्ता’ मोठे की ‘पुढची वेळ’ मोठी? अर्थात ‘आत्ता’. म्हणून प्रोग्रॅमने झेंडा उभा केला, जो आधीच उभा होता, आणि पुढच्या वेळेत आणखी ३० सेकंद मिळवले. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. आमच्या मुख्य लूपची, म्हणजे प्रोग्रॅमच्या सतत फिरत राहणाऱ्या भागाची, एक फेरी एका मिलिसेकंदाहून जराशी जास्त चालायची. म्हणजे घड्याळ शून्यावर येईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात सुमारे २८,००० फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीने भविष्यातले ३० सेकंद खाऊन टाकले. घड्याळ शून्यावर आले तेव्हा मी प्रोग्रॅम थांबवून ‘पुढची वेळ’ वाचली. आकडा ८४ कोटींच्या पुढे होता. मिलिसेकंदांचे दिवस करून पाहिले, तर ते सुमारे पावणेदहा दिवस भरले.

मी खुर्चीत मागे टेकून बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत होते. यंत्राने पुढच्या पावणेदहा दिवसांच्या तपासण्या अर्ध्या मिनिटात उरकून टाकल्या होत्या आणि आता ते निवांत बसणार होते. या एका आकड्यात सगळ्या तक्रारींची उत्तरे होती. शेवटच्या तपासणीनंतर शून्यापर्यंत किती सेकंद उरले, यावर ही सुट्टी ठरायची: पाच सेकंद उरले तर दीड-पावणेदोन दिवसांची, पूर्ण ३० उरले तर जवळजवळ दहा दिवसांची. त्या सुट्टीत मॉड्यूल अडकला तर यंत्र मुके, नाही अडकला तर कोणाला कळणारही नाही. तेच ते २७ गप्प शेतकरी. सुट्टी संपली की तपासणी जागी व्हायची, मॉड्यूलला उठवायची आणि यंत्र ‘आपोआप’ बरे व्हायचे. आमच्याकडे बाहेर पाठवण्याआधी कार्ड सलग पंधरा दिवस चालवून बघत असत आणि माझ्या टेबलावरचे कार्ड तर दिवसातून वीसदा नव्याने लोड व्हायचे. पन्नासावा दिवस कारखान्याच्या आत कधी उजाडलाच नव्हता.

दुरुस्ती एका ओळीची होती. दोन वेळांची तुलना करायची नाही. ‘आत्ता’तून ‘मागची तपासणी’ वजा करायची आणि उत्तर ३० सेकंद झाले का ते बघायचे. सी भाषेत बिनचिन्ही (ऋण नसणाऱ्या) संख्यांची वजाबाकी वळसा घालूनही बरोबर येते, तसे त्या भाषेच्या अधिकृत नियमांतच लिहिलेले आहे. मला जास्त बोचले ते निराळेच. सी-डॅकच्या एम्बेडेड पदविकेत लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे कर्नल, म्हणजे तिचा गाभा, आम्हाला ओळीओळीने वाचून दाखवले होते. त्यात जिफीज नावाचा असाच एक ठोक्यांचा मोजक आहे आणि तो शून्यापासून सुरू होत नाही. कर्नल लिहिणाऱ्यांनी त्याचा आरंभच वळसा पडण्याच्या पाच मिनिटे आधी ठेवला आहे, म्हणजे वेळेच्या हिशेबात कोणी चूक केली असेल, तर यंत्र सुरू झाल्यावर पाच मिनिटांत, लिहिणाऱ्याच्याच टेबलावर ती फुटावी. फ्रीआरटीओएस या लहान यंत्रांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये झोपलेल्या कामांच्या दोन याद्या असतात: एक या फेऱ्यातली, दुसरी मोजक वळल्यानंतरची. हे सगळे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पण आमच्या कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिम नव्हती, साधा लूप होता, त्यामुळे तो धडा आपल्याला लागू नाही अशी माझी समजूत झाली असावी.

आमच्या मोजकाचा आरंभही त्या दिवशी मी पाच मिनिटे अलीकडे नेला आणि सगळा प्रोग्रॅम तसाच चालवला. आणखी तीन ठिकाणी ठेच लागली. दोन किरकोळ होत्या. तिसरी ड्राय रनच्या विश्रांतीच्या वेळेत होती: विहिरीचे पाणी तुटले की मोटार वीस मिनिटे थांबवायची असते, ती नेमक्या त्या मुहूर्तावर अजिबात न थांबता पुन्हा चालू झाली असती. तिची तक्रार आमच्याकडे आलेली नव्हती.

मालकांना सांगताना मी ‘फर्मवेअरमध्ये दोष आढळला’ असे म्हणायला सुरुवात केली आणि मग ‘माझी चूक आहे’ असे म्हटले. ते रागावले नाहीत. ३८ कार्डांवर नवा प्रोग्रॅम चढवायला किती दिवस आणि किती डिझेल लागेल, एवढेच त्यांनी विचारले. दुरून प्रोग्रॅम बदलण्याची सोय त्या कार्डात नव्हती, त्यामुळे एकेका विहिरीवर जाणे भाग होते.

तात्यांकडे पुन्हा गेले तेव्हा त्यांनी कारण विचारले. मी विजेच्या मीटरचे उदाहरण दिले. चार आकडी जुना मीटर ९९९० वर असतो, पुढच्या खेपेला १५ दाखवतो, तेव्हा रीडिंग घेणारा २५ युनिट लिहितो, मीटर मागे गेला असे म्हणत नाही.

“मग रीडिंगवाल्याला जे कळतं ते तुमच्या मशिनला कळलं नाही?”

“मशिनला मी सांगितलं नव्हतं, तात्या.”

नव्या कार्डावर प्रोग्रॅम चढवायला चार मिनिटे लागली. घड्याळ शून्यावरून पुढे जाईपर्यंत मी पाच मिनिटे आणखी थांबले आणि त्यांना फोन लावायला सांगितला. कॉन्टॅक्टर ओढल्याचा आवाज आला, पाइपातून आधी हवा आणि मग पाणी आले. मग डीबगरची तार गुंडाळत मी दुसऱ्या विहिरीकडे निघाले, कारण तिथल्या जुन्या कार्डातही तीच ओळ होती आणि त्याला नवा सेल बसवून द्यायचे मी ठरवले होते. तात्यांनी हाताने अडवले.

“त्याला नका हात लावू ताई. ते रोज मरतंय तेच बरं आहे.”